आधी बोअर मोजा, मग प्लेटा घ्या: सोलापूरच्या माळरानावर बॅटरीसह सोलर पंपाची रचना

वस्तीवर कोणी सोलरचं विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीचा घेऊ?" मी त्यांना उलट विचारतो, "मे महिन्यात तुमचा बोअर सलग किती वेळ पाणी देतो?" बहुतेकांना नेमकं सांगता येत नाही. कोणी म्हणतं, "चालतोय की दोन-तीन तास," कोणी म्हणतं, "पाणी बक्कळ आहे." रचना तिथंच चुकायला लागते. एचपी हा या हिशोबातला अगदी शेवटचा आकडा आहे आणि दुकानात मात्र तोच पहिला सांगितला जातो.

आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ऊन मात्र भरपूर. वर्षाची सरासरी धरली तर रोज पाच ते साडेपाच तास पूर्ण जोराचं ऊन मिळतं. म्हणजे तुटवडा पाण्याचा आहे, विजेचा नाही. म्हणून माझं सांगणं एकच असतं. पाणी टाकीत साठवा. बॅटरीत फक्त तेवढीच वीज साठवा जिचं काम टाकीला करता येत नाही. मोठा पंप रात्री बॅटरीवर चालवायचा विचार मनातून काढून टाका. का, ते पुढे आकड्यांत दिसेल.

उदाहरण म्हणून सांगोल्याकडचं दोन एकर डाळिंब घेऊ. वस्तीवर लाईटची लाईन नाही, एक बोअर आहे, चार जनावरं आहेत आणि घरात सहा माणसं.

बोअर मोजणं

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. दोन तारांची बारीक वायर घ्या. तिची दोन्ही टोकं सेंटिमीटरभर सोलून एकमेकांपासून थोडी दूर ठेवा आणि खाली शिशाचं वजन बांधा. दर मीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. वरची टोकं मल्टीमीटरला जोडून तो रेझिस्टन्सवर ठेवा. वायर बोअरमध्ये सोडत जायची. पाण्याला टेकली की मीटरचा आकडा एकदम हलतो. आपलं पाणी क्षाराचं असल्यामुळे तो स्पष्ट हलतो. वायर मोटरच्या पाईपला गुंडाळली जाऊ नये म्हणून आधी पाऊण इंची पीव्हीसी पाईप सोडून त्यातून ती खाली न्या. नंतर कायमच्या मोजणीसाठी तो पाईप तसाच राहू द्या.

पहाटे, मोटर रात्रभर बंद असताना, पहिली पातळी घ्या. मग जनरेटरवर किंवा आहे त्या सोयीवर मोटर चालू करा आणि दर पंधरा मिनिटांनी पातळी वहीत लिहा. त्याच वेळी दोनशे लिटरच्या बॅरलखाली पाईप धरून घड्याळ लावा. निदान चार तास चालवा. अर्ध्या तासात आवरू नका.

मागच्या वैशाखात शेजारच्या आबांच्या बोअरवर आम्ही असंच बसलो होतो. पहिले दोन तास पातळी ४२ मीटरवरून ५१ वर हळूहळू उतरली आणि बॅरल दोन मिनिटांत भरत होतं. आबा म्हणाले, "बघ, म्हणलं न्हवतं का, पाणी हाय!" तिसऱ्या तासाला पातळी धाडकन ६८ वर गेली आणि पाईपातून पाण्याऐवजी वारा यायला लागला. आबा मीटरकडे बघत गप्प बसले. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांतून येतं. पातळी एखाद्या भेगेच्या खाली गेली की तिथला पुरवठा बोअरला पुरत नाही आणि पाणी तुटतं. आबांना ५ एचपीचं कोटेशन मिळालं होतं. त्यांच्या बोअरला ३ एचपीसुद्धा कमी वेगाने चालवावा लागला असता.

चार तासांनंतर पातळी जिथं स्थिरावते ती चालती पातळी. हिशोबात तीच धरायची. मोजणी एप्रिल-मेमध्येच करा. कार्तिकात मोजलेला बोअर सगळ्यांनाच श्रीमंत करतो.

आपल्या उदाहरणात चालती पातळी ६० मीटर आणि बोअरचं पाणी मिनिटाला ९० लिटर मिळालं असं धरू.

रोजचं पाणी किती

दोन एकरांत साडेचार बाय तीन मीटरवर साधारण ६०० झाडं बसतात. मोठ्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटर धरलं तर २४,००० लिटर. जनावरं आणि घर मिळून आणखी १,००० लिटर. एकूण २५,००० लिटर, म्हणजे २५ घनमीटर.

तुमचा बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम) कोणता, यावर हा आकडा खूप बदलतो. आंबे बहार धरला तर फळं पोसायच्या वेळीच मार्च ते मेची तहान असते. मृग बहारात पाऊस हात देतो. हस्त बहाराचं फळ हिवाळ्यात वाढतं. ज्या महिन्यात झाडाला सगळ्यात जास्त पाणी लागतं त्याच महिन्याचा आकडा धरा. फक्त हस्त बहार घेणाऱ्याने मेचा आकडा धरून प्लेटा घेतल्या तर पैसे उगाच अडकतात. मेमध्ये झाड जगवण्यापुरतं पाणी वेगळं मोजा.

पाणी किती उंच चढवायचं

तीन गोष्टींची बेरीज करा. बोअरमधली चालती पातळी ६० मीटर. टाकी रानाच्या उंच कडेला असेल तर बोअरच्या तोंडापासून टाकीच्या वरच्या काठापर्यंत ५ मीटर. आणि पाईपातलं घर्षण.

घर्षणाकडे कोणी बघत नाही, म्हणून आकडेच देतो. तासाला ५,००० लिटर पाणी सव्वा इंची पाईपातून नेलं तर दर १०० मीटरला नऊ-दहा मीटर उंचीइतका जोर वाया जातो. दीड इंचीत तीन मीटरच्या आसपास. दोन इंचीत फक्त एक मीटर. पाईप जन्मभर राहतो आणि जोर रोज वाया जातो. निदान दीड इंची तरी घ्या. आपल्या उदाहरणात घर्षणाला ५ मीटर धरू. एकूण ७० मीटर.

ऊर्जेचं गणित

सूत्र एवढंच आहे: पाणी घनमीटरमध्ये गुणिले उंची मीटरमध्ये गुणिले २.७२५ केलं की वॉट-तास मिळतात. हजाराने भागलं की आपलं ओळखीचं युनिट.

२५ × ७० × २.७२५ = ४,७६९ वॉट-तास, म्हणजे ४.८ युनिट. ही झाली पाण्याला लागणारी ऊर्जा. पंप, मोटर आणि कंट्रोलर (प्लेटांची वीज मोटरला जुळवून देणारा डबा) मिळून त्यातली साधारण ४२ टक्केच पाण्यापर्यंत पोचवतात. म्हणून प्लेटांकडून रोज ११.४ युनिट वीज लागेल.

आता प्लेटा. जोराचं ऊन ५ तासच धरा, साडेपाच नको. शिवाय प्लेटेवर छापलेली ताकद २५ अंशाची असते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी प्लेटेचं अंग ६५ अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला ०.३५ टक्के ताकद कमी होते. म्हणजे १४ टक्के तिथंच गेले. धूळ आणि वायरीतली घट धरून मी ०.७५ ने गुणतो. ११.४ ÷ (५ × ०.७५) = ३.०४ किलोवॉट. ५४० वॉटच्या सहा प्लेटा बसतात.

भर दुपारी हा पंप तासाला ५,००० लिटर, म्हणजे मिनिटाला ८३ लिटर काढेल. बोअर ९० देतो. जेमतेम बसतंय. तुमच्याकडे बोअर मिनिटाला ६०च देत असेल तर प्लेटा वाढवून काही होणार नाही. कंट्रोलरमध्ये मोटरच्या वेगाला मर्यादा घाला आणि सकाळी लवकर सुरू होऊन संध्याकाळी उशिरापर्यंत हळू चालेल असं बघा. बोअरला धाप लागत नाही आणि पाणीही भरून निघतं. ड्राय रनचं, म्हणजे पाण्याविना मोटर चालू राहू नये याचं, संरक्षण असलंच पाहिजे, पण त्याच्या भरवशावर बोअर रोज कोरडा करू नका.

जुनी ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर सोलरवर चालवायचा मोह अनेकांना होतो. तिला पूर्ण व्होल्टेज द्यायला डीसी बाजूला ५८७ व्होल्ट लागतात. ५४० वॉटची प्लेट चालताना ४१ व्होल्टच्या आसपास देते. म्हणजे सलग चौदा-पंधरा प्लेटा. सहा प्लेटांवर ती मोटर गुरगुरत बसेल. सहा प्लेटांसाठी अडीचशे व्होल्टवर चालणारा कंट्रोलर आणि त्याच्याच जोडीचा पंप घ्या.

टाकी की बॅटरी

४०,००० लिटरची टाकी म्हणजे दीड दिवसाचं पाणी. तेवढं पाणी ७० मीटर वर आणायला प्लेटांची १८ युनिट वीज खर्च झालेली असते. हेच काम बॅटरीकडून करून घ्यायचं तर घट आणि राखीव धरून २४ युनिटांची बॅटरी लागेल. म्हणजे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या जवळजवळ पाच बॅटऱ्या. त्यांचं कोटेशन आणि गवंड्याचा टाकीचा अंदाज शेजारी ठेवून बघा. टाकी उन्हाने मरत नाही, तिला चार्जिंग लागत नाही आणि ती वीस वर्षं उभी राहते.

शेततळं असेल तर टाकी लहान चालेल, पण एक लक्षात ठेवा. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडून जातं. २० बाय २० मीटरच्या तळ्यात ते रोजचं ४,००० लिटर होतं, म्हणजे १०० झाडांचं पाणी. शेडनेट टाकून तळं झाकलं तर त्यातलं बरंच वाचतं.

मग बॅटरी हवीच कशाला? ठिबकसाठी. सोलर पंप थेट ठिबकला जोडला की ढग आला की दाब पडतो, ढग गेला की चढतो. फिल्टर नीट धुतला जात नाही, व्हेंचुरी (खत पाण्यात ओढून घेणारी नळी) खत ओढत नाही आणि ओळीच्या शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं. दोन महिन्यांनी शेवटची झाडं वेगळी ओळखू येतात. त्यावर उपाय असा: मोठा पंप बिनबॅटरीचा, तो फक्त टाकी भरेल. टाकीपासून ठिबकला एक छोटा बूस्टर पंप, तो बॅटरीवर आणि कायम एकाच दाबावर. पहाटे घरचं पाणी आणि रात्रीचे दोन दिवेही त्याच बॅटरीवर.

बूस्टर आणि बॅटरीचा हिशोब

६०० झाडांचे तीन भाग करा. प्रत्येक झाडाला तासाला ४ लिटरचे चार ड्रीपर, म्हणजे झाडाला तासाला १६ लिटर आणि २०० झाडांना ३,२०० लिटर. ४० लिटरला एका भागाला अडीच तास लागतील. ठिबकचा दाब, फिल्टर आणि व्हेंचुरी मिळून २५ मीटर उंचीइतका जोर लागतो असं धरू. पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर ४८४ वॉट. तीन भागांचे साडेसात तास चालवायला ३.६ युनिट.

यातला एक भाग दिवसा थेट उन्हावर जाईल. पहाटेचा आणि संध्याकाळचा असे दोन भाग बॅटरीवर. ते २.४ युनिट, अधिक घराचं अर्धं युनिट, मिळून २.९. वायर आणि इलेक्ट्रॉनिक्सची घट धरून बॅटरीतून ३.२ निघतील. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे रिकामी करायची नाही, म्हणून ४. आणि पाच-सात वर्षांत तिची ताकद वीस टक्के कमी होईल हे आजच धरायचं, म्हणून ५. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी ५.१२ युनिटांची असते. चपखल बसते.

शिसं-आम्लाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या घ्यायला स्वस्त आहेत. पण त्या निम्म्यापर्यंतच वापरायच्या असतात, त्यांना डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि पंचविशीच्या वर दर दहा अंशांना त्यांचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. सोलापूरच्या उन्हात हा शेवटचा मुद्दा मला पुरेसा वाटतो. मी लिथियम फॉस्फेटच सुचवतो.

प्लेटा: बॅटरी भरायला ३.४ आणि दिवसाच्या भागाला १.२, एकूण ४.६ युनिट. ४.६ ÷ ३.७५ = १.२३ किलोवॉट. दोन प्लेटा कमी पडतात, म्हणून लोक तीन घेतात आणि सलग जोडतात. इथं नीट लक्ष द्या. एका प्लेटेचं उघडं व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) ४९.५ असतं. तीनचं होतं १४८.५, आणि बाजारातल्या अनेक एमपीपीटी चार्ज कंट्रोलरची (प्लेटांच्या विजेवर बॅटरी भरणाऱ्या डब्याची) मर्यादा १५० व्होल्ट असते. कागदावर बसतंय. पण जानेवारीच्या पहाटे १० अंश असताना व्होल्टेज चार टक्क्यांनी चढतं आणि १५४ होतं. पहिल्याच थंडीत कंट्रोलर जळतो. तिन्ही समांतर जोडल्या तर ४१ व्होल्टच मिळतात, त्यावर ५१ व्होल्टची बॅटरी भरतच नाही. म्हणून दोन-दोनच्या दोन जोड्या, एकूण चार प्लेटा घ्या. उघडं व्होल्टेज १०३च्या पुढे जात नाही, कंट्रोलर ४० अँपिअरचा पुरतो, आणि पावसाळ्यात ढगाळ दिवशी दोनच तासांचं ऊन मिळालं तरी बॅटरी भरते. चौथी प्लेट वाया जात नाही.

बॅटरीची जागा

माझ्या वस्तीवर पहिली बॅटरी बसवणाऱ्याने ती पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लावून दिली. एप्रिल लागला आणि दुपारी दोनच्या सुमारास चार्जिंग आपोआप बंद पडायला लागलं. रात्री सगळं ठीक. आम्ही वायरी तपासल्या, दुसरा कंट्रोलर लावून पाहिला. शेवटी भावाने बॅटरीवर थर्मामीटर ठेवला. ४९ अंश. बहुतेक लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांमधला बीएमएस (बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट) ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान चार्जिंग तोडतो. म्हणजे बॅटरी स्वतःला वाचवत होती आणि आम्ही तिलाच दोष देत होतो. आता ती दगडी खोलीत, लिंबाच्या सावलीच्या बाजूला, फरशीपासून फूटभर वर लाकडी पाटावर आहे. समोरासमोर दोन झरोके आहेत आणि त्यांना बारीक जाळी, नाहीतर पाली आणि उंदीर आत येतात.

बॅटरी आणि बूस्टर जवळजवळ ठेवा. ५१ व्होल्टवर बूस्टर साडेनऊ अँपिअर ओढतो. ३० मीटरवर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर पाच टक्के व्होल्टेज वायरीतच जातं. १० चौरस मिलिमीटरची टाकली तर दोन टक्के. बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतरातच फ्यूज हवा. आणि एमसीबी डीसीचाच घ्या. घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवू शकत नाही, आतून वितळून जातो.

उभारणी

प्लेटांची तोंडं दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, त्याला हे जुळतं. उतार बदलता येणारा सांगाडा असेल तर उन्हाळ्यात जवळजवळ आडवा आणि हिवाळ्यात तिसाच्या आसपास करा. सकाळी आठ ते संध्याकाळी चारपर्यंत बाभळीची एक फांदीही प्लेटेवर यायला नको. एका प्लेटेवरची सावली सगळ्या ओळीला मागे ओढते.

काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. दोन फुटांवर टाकलेला खांब दोन वर्षांत कलतो. वळवाच्या वाऱ्याने सांगाडा उपटलेला मी पाहिला आहे, त्याचा पाया मातीतच होता.

वीज पडायची भीतीही याच दिवसांत. वीजरोधकाचा अर्थिंग खड्डा वेगळा, सांगाड्याचा वेगळा. दोन्हींत उन्हाळ्यात पाणी घालत राहा, कारण कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच उरतं. कंट्रोलरच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावा.

योजनेतला पंप असेल तर

राज्याच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. मोठा पंप जरूर तिथून घ्या. आपल्या उदाहरणातला ३ एचपी नेमका बसतो. पण त्याच्या प्लेटांवरून वायर काढून बॅटरीला जोडू नका. वॉरंटी जाते आणि पंपाचा कंट्रोलरही बिघडू शकतो. बॅटरी, बूस्टर आणि त्यांच्या चार प्लेटा ही आपल्या खर्चाची पूर्ण वेगळी रचना असू द्या. एक बंद पडली तरी दुसरी चालते.

चालू केल्यावर

बसवणारा माणूस पैसे घेऊन जायच्या आधी त्याच्यासमोर चार गोष्टी करा. भर दुपारी बॅरल आणि घड्याळ लावून पाणी मोजा. टाकीचा फ्लोट हाताने उचलून मोठा पंप थांबतो का बघा. ठिबकच्या सगळ्यात लांबच्या ओळीच्या शेवटच्या ड्रीपरखाली मापाचा डबा ठेवून तासाभरात ४ लिटर भरतात का बघा. आणि बूस्टर सलग पाच तास बॅटरीवर चालवून ती किती टक्क्यांवर आली ते लिहून घ्या. तीस-पस्तीसच्या खाली गेली असेल तर पंप जास्त ओढतोय किंवा बॅटरी सांगितली तेवढी नाही.

पुढे प्लेटा दर आठ-दहा दिवसांनी पहाटेच पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरच्या पाण्याने धुतल्या तर लगेच फडक्याने कोरड्या करा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग कायमचे बसतात. बोअरमध्ये सोडलेल्या त्या पाऊण इंची पाईपातून महिन्यातून एकदा, पहाटे आणि दुपारी, पातळी मोजून त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच चालती पातळी ६० च्या खाली गेलेली दिसली, तर त्या हंगामात तिसऱ्या भागाचा बहार धरू नका.